पडायची तालीम

आधीच सांगते, माझ्यापुढे खेळाडूंचं कौतुक करू नका. मी त्यांचे पाय चोळते. टीव्हीवर जे पाय उडताना दिसतात ते माझ्या टेबलावर येतात तेव्हा नखं काळीनिळी पडलेली असतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात आणि मोज्यांचा वास तर विचारूच नका. त्याचं मला काही नाही, घाण धुता येते. पण त्या स्पर्धेत मी जे पाहिलं त्याची शिसारी अजून गेलेली नाही, आणि ती कुणा परक्याची नाही, माझ्या पाठच्या भावाची आहे.

गळ्यातल्या कार्डावर माझं पद चांगलं लांबलचक छापलेलं असायचं, पण टीममध्ये सगळे मला मालिशवाली ताईच म्हणायचे आणि मलाही तेच बरं वाटायचं. धाकटा आमच्या टीमचा पंधराशे मीटरचा धावपटू. माझ्याहून बराच लहान. चालायला लागला तेव्हा त्याचं बोट माझ्या हातात होतं, पळायला लागला तेव्हा पोटऱ्याही माझ्याच हातात आल्या. लोक म्हणतात, भावामुळे बहिणीची वर्णी लागली. डोंबलाची वर्णी! मी टीममध्ये आधीपासून होते, त्याला कानाला धरून मैदानावर मी नेला.

ही स्पर्धा बंद हॉलमधली होती, देशोदेशीचे लोक आलेले. बाहेर पळणं वेगळं आणि आत पळणं वेगळं. आतला ट्रॅक बाहेरच्याच्या निम्मा, वळणं आखूड आणि बाहेरच्या कडेला उचललेली, त्यात हे दांडगे गडी खांद्याला खांदा लावून पळणार. कोपरं लागतात, पाय अडकतात, कुणीतरी आपटतं. म्हणून नियम असा, की दुसऱ्याच्या धक्क्याने एखादा पडला तर धक्का देणाऱ्याला बाद करायचं आणि पडलेल्याला पुढच्या फेरीत घ्यायचं. नियमात वाईट काही नाही. ज्याने केला त्याला पडलेल्याची कणव आली असणार. पण लोकांच्या कणवेवर पोळी भाजून घेणारी माणसं असतातच, आणि त्यातला एक नेमका आमचा कोच.

कोच सर म्हणजे गोडबोल्या माणूस. कधी शिवी देणार नाही, 'बाळा' म्हटल्याशिवाय बोलणार नाही, तोंडात सतत पुदिन्याची गोळी. स्पर्धेआधीच्या कॅम्पात त्यांनी एक नवीनच तास सुरू केला. उंच उडीच्या जाड गाद्या वळणावर मांडायच्या, पोरांनी जोरात पळत यायचं, सरांनी फोमच्या नळीने त्यांच्या कोपराला जरासा स्पर्श करायचा, की पोराने गादीवर पडायचं. मला वाटलं, वा, पोरांची हाडं वाचावीत म्हणून केवढी ही काळजी! धाकटा पहिल्यांदा पडला तो तळहात टेकून. मी तिथूनच ओरडले, "अरे गाढवा, मनगट मोडून घेशील! हात आत घे, खांदा पुढे कर आणि लोळ." एवढ्यावर थांबले नाही. या वयात, या अंगाने, स्वतः गादीवर लोळून दाखवलं. पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "ताई, तुम्ही तर माझं अर्धं काम केलंत." मी आपली खूश.

आता आजोबांबद्दल सांगते. वय पस्तिशीच्या आसपास, पण पंधराशे मीटरवाल्यांत ते म्हातारपणच, म्हणून जिथे जातील तिथे त्यांना आजोबा म्हणतात. दुसऱ्या एका छोट्या देशाचे. बरोबर ना कोच, ना मालिशवाली, खांद्याला एक बॅग लावून माणूस एकटा यायचा. उजव्या पोटरीत जुनी गाठ होती, ती दर स्पर्धेत मी मोकळी करून द्यायचे. मला डॉक्टरीणबाई म्हणायचे. अहो, मी डॉक्टर नाही, असं किती वेळा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ. इतकी वर्षं पळून या माणसाने फायनल म्हणून कधी पाहिली नव्हती. दर खेपेला जेमतेम एका जागेने हुकायची.

उपांत्य फेरीच्या दिवशी सकाळी टेबलावर पालथे पडून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ही शेवटची. यानंतर बूट काढून ठेवणार. मला पहिला नंबर नको, दुसरा नको. फायनलच्या रेघेवर उभं राहायचं आणि माईकवरून माझं नाव घेतलेलं ऐकायचं. एवढं झालं की मी सुटलो."

"घेतील हो नाव," मी म्हटलं. "आता पोटरी ढिली सोडा, दगड झालाय नुसता."

धाकटा आणि आजोबा एकाच उपांत्य फेरीत आले. पहिले तिघं फायनलला जाणार. मी बर्फाची पिशवी घेऊन शेवटच्या वळणापाशी कठड्याला टेकून उभी होते, आमच्यासारख्यांना तिथवर सोडतात. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा आजोबा तिसरे होते आणि काय पळत होते! तोंड वाकडं, मान एका बाजूला, पण पाय असे पडत होते की मी माझ्या टीमचं सगळं विसरून "चला आजोबा, चला!" म्हणून ओरडले. धाकटा त्यांच्या मागे. त्याच्या पायातला दम संपला होता. मला ते दिसत होतं, कारण दमला की तो टाचा घासतो, लहानपणापासून. मागचे दोघं आता त्याला गाठणार हे तर आंधळ्यालाही कळलं असतं.

वळणावर तो उगीचच आजोबांच्या अंगाशी आला. पुढे जायला तिथे जागा नव्हती, जायचं त्राणही नव्हतं. आजोबांचं कोपर मागे आलं, सगळ्यांचंच येतं, ते याच्या दंडाला लागलं न लागलं. तेवढ्यात धाकट्याने अशी आरोळी ठोकली की वाटावं कुणी सुरा खुपसला. हात आत, खांदा पुढे, गोल लोळण घेतली आणि गुडघा धरून तळमळायला लागला. सगळा हॉल हळहळला. माझ्या हातातला बर्फ तसाच राहिला. ती लोळण मी ओळखली. माझीच होती ती.

आजोबा तिसरे आले. रेघ ओलांडून दोन्ही हात डोक्यावर ठेवून रडत होते बिचारे. वळणावरच्या पंचाने धक्काबुक्की झाल्याचं पिवळं निशाण वर धरलंय हे त्यांना दिसलंच नव्हतं.

धाकट्याला दोघांच्या खांद्यावरून लंगडत आमच्या मालिशच्या खोलीत आणला. पडदा ओढला, आणणारे गेले, आणि हा पठ्ठ्या टुणकन उठून बसला.

"ताई, कसं जमलं? खांद्यावरच गेलो ना? तू सांगितलंस तस्सा."

मी त्याचे पाय चाचपून पाहिले. गुडघ्यावर ओरखडा नाही, कोपर सोललेलं नाही. वर तोंडभर हसू.

"तू मुद्दाम पडलास?"

"हळू बोल ना. मुद्दाम म्हणजे काय? लागलं होतं त्याचं. सर म्हणतात, लागलं की थांबायचं नाही, लगेच जायचं खाली. अर्धा क्षण उशीर झाला तर पंचांना पटत नाही."

"आणि ते आजोबा?"

"त्यांचं काय?"

त्यांचं काय! इतक्या सहजपणे विचारलंन की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बर्फाची पिशवी मी त्याच्या छातीवर फेकून मारली. "निर्लज्जा, त्या माणसाच्या तोंडातला घास काढलास तू! मागे पडलास तर पडलास, घरी जायचं होतंस मान खाली घालून."

"घरीच गेलो असतो, ताई," तो म्हणाला, आणि आता त्याचं हसू गेलं. "फायनल नाही गाठली तर पुढच्या कॅम्पात जागा नाही. सरांनी स्वच्छ सांगितलंय. मग मी काय करू? पळण्याशिवाय येतं काय मला?"

"पळता येतं कुठे? पडता येतं."

पडदा बाजूला झाला आणि कोच सर आत आले, मागोमाग आमचे मॅनेजर साहेब. साहेबांच्या अंगाला अत्तराचा असा भपकारा की माझं तेल-मलम त्यापुढे फिकं पडलं. त्यांनी धाकट्याला मिठी मारली. पंचांनी व्हिडिओ पाहून निर्णय दिला होता, आजोबा बाद आणि आमचं रत्न फायनलमध्ये. "शाब्बास बाळा," सर म्हणाले, गोळी या गालातून त्या गालात सरकवत. मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमचाही वाटा आहे हं यात." मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

बाहेर आले तर आजोबा निकालाच्या मोठ्या पडद्याखाली उभे. सगळ्यांच्या नावापुढे वेळ आणि यांच्या नावापुढे बाद. ते शेजारच्या पोरीला, हॉलमध्ये मदत करणाऱ्या एका स्वयंसेविकेला, विचारत होते, "हे मशीन चुकलंय का? कुणाला सांगायचं असतं?" ती बिचारी काय सांगणार. मी पुढे झाले.

"मशीन नाही चुकलं. तुम्ही अपील करा. आत्ताच्या आत्ता. साक्षीला मी येते."

"तुम्ही? पण पडला तो तुमचा भाऊ ना?"

"हो. म्हणूनच मला माहितीये तो कसा पडला ते."

त्यांनी मान हलवली. "नको हो. माझ्यामुळे तुमच्या घरात भांडणं नकोत."

"माझ्या घरचं मी बघते. तुम्ही चला."

ज्युरीची खोली तळघरात, बिनखिडक्यांची. तिथे वरच्या ट्रॅकचा धपधप आवाज छतातून येत होता. टेबलापलीकडे तिघं जण, मधोमध अध्यक्षबाई, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी होती आणि त्या ती चहात बुडवून बुडवून खात होत्या. एक माणूस आयुष्यभराच्या एका गोष्टीसाठी उभा आहे आणि यांचं लक्ष बिस्किट मोडून कपात पडणार नाही ना इकडे. मला तेव्हाच उठून जावंसं वाटलं. पण बसले, आणि सगळं सांगितलं. कॅम्प सांगितला, गाद्या सांगितल्या, फोमची नळी सांगितली.

"हात कसा आत घ्यायचा, खांदा कसा पुढे काढायचा, पाठीवरून कसं लोळायचं, हे त्याला मी शिकवलंय," मी म्हणाले. "दुखापत होऊ नये म्हणून शिकवलं होतं. ज्याला खरोखर धक्का बसतो तो असा पडत नाही. त्याला हात आत घ्यायला वेळच मिळत नाही. तो बदकन आपटतो. माझा भाऊ पडला नाही, त्याने पडून दाखवलं."

 आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते, एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा जरा अभिमानही वाटला.

अध्यक्षबाईंनी रुमालाने ओठ टिपले. "तुमचं म्हणणं ऐकलं आम्ही. तुमचे कोच काय शिकवतात तो वेगळा विषय, त्याची तक्रार वेगळी करा. इथे प्रश्न एवढाच, की कोपर लागलं का." आणि आजोबांकडे वळून, "तुम्हीच सांगा. लागलं का?"

व्हिडिओत ते धड दिसत नव्हतं. एका कॅमेऱ्यात लागल्यासारखं, दुसऱ्यात मध्ये फट असल्यासारखं. म्हणजे आता सगळं या माणसाच्या शब्दावर होतं. नाही म्हणा, मी मनात म्हणत होते. अहो, एकदाच, नुसतं नाही म्हणा.

"लागलं," आजोबा म्हणाले. "निसटतं लागलं. माझं कोपर जरा बाहेरच असतं."

"झालं तर मग," अध्यक्षबाई म्हणाल्या. अपील फेटाळलं. आम्ही दाराबाहेर पडायच्या आत त्यांनी पुढचं बिस्किट उचललं होतं.

बाहेरच्या बोळात मी त्यांच्यावर उखडले. "काय गरज होती हो? नाही म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?"

"लागलं होतं हो खरंच," ते म्हणाले. "खोटं कसं बोलू?" आणि भिंतीला टेकून खाली बसले, दोन्ही हातांत तोंड घेऊन. मला रडूच आलं. वाटलं, या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये निदान एक माणूस तरी स्वच्छ आहे. त्याच्यासाठी मी माझं घर पेटवलं तर पेटवलं, वाया नाही गेलं.

घर लगेचच पेटलं. मॅनेजर साहेबांपर्यंत खालची बातमी वर पोचायला कितीसा वेळ लागणार. त्यांनी मला हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांसमोर उभं केलं. "आपल्याच पोराविरुद्ध साक्ष? लाज नाही वाटली? टीममध्ये तुमचं काम संपलं. कार्ड जमा करा."

मी गळ्यातून कार्ड काढायला लागले.

"आत्ता नाही," ते घाईघाईने म्हणाले. "उद्या. फायनल झाल्यावर. सकाळी त्याची मालिश कोण करणार?"

म्हणजे बघा. मी गद्दार, मी घरभेदी, पण माझे हात तेवढे उद्या दुपारपर्यंत हवे होते त्यांना. हसावं की रडावं कळेना. कोच सर जाता जाता म्हणाले, "ताई, मन मोठं करा. खेळ आहे हा." त्यांच्या तोंडाचा तो पुदिन्याचा वास आजही कुठे आला तर मी उठून दुसरीकडे बसते.

संध्याकाळी आईचा फोन आला. धाकट्याने आधीच सगळं कानावर घातलं होतं, अर्थात त्याच्या पद्धतीने.

"सख्ख्या भावाच्या मुळावर उठलीस?" आई म्हणाली. "तुला असं करवलं तरी कसं गं?"

"आई, तो मुद्दाम पडला."

"पडला ना? मग? पडलेल्या भावाला हात द्यायचा सोडून तू चुगल्या करत बसलीस?"

मी पुन्हा सांगितलं, नीट, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं राहू दे. त्याची जागा राहिली ना कॅम्पातली?" मी फोन ठेवला. लहानपणी आमच्यापैकी कुणी दुसऱ्याची पेन्सिल घरी आणली तर हीच बाई उन्हातान्हात परत द्यायला पाठवायची. मला माझी आईसुद्धा ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी धाकटा टेबलावर येऊन पडला. मला वाटलं होतं, बोलणार नाही, तोंड फिरवेल, निदान भांडेल तरी. तसं काही नाही. गाणं गुणगुणत होता.

"डावी जरा जोरात दाब गं, ताई."

मी दाबली. त्या पोटरीवर लहानपणी सायकलच्या साखळीने कापल्याचा वण आहे, तेव्हा मीच त्याला काखेत मारून दवाखान्यात पळाले होते. तोच पाय, तीच कातडी, आणि मला हात लावावासा वाटत नव्हता. तेल घातलेल्या मांसाचा गोळा कुणी पुढ्यात टाकावा तसं वाटत होतं. हात सवयीने चालत होते.

"रागावलीस अजून?" त्याने मान वळवून विचारलं. "मी नाही रागावलो तुझ्यावर. सरांना पण म्हटलं, ताई भोळी आहे, तिला कळत नाही यातलं."

मला माफ करत होता गधडा! टॉवेल त्याच्या पाठीवर टाकला आणि म्हटलं, "झालं. ऊठ."

फायनल मी आतल्या टीव्हीवर पाहिली. रेघेवर एकेकाचं नाव पुकारलं, धाकट्याचं नाव आलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी लोकांना चुंबनं फेकली. मग पळाला. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या पळाला, पुढे सगळे निघून गेले आणि हा मागे एकटा. शेवटचा आला, इतका शेवटचा की कॅमेऱ्यानेही त्याची वाट पाहिली नाही. आणि रेघ ओलांडून पुन्हा हात हलवत होता! त्याला कशाचं काही नव्हतं. फायनलवाला म्हणून त्याचं नाव लागलं होतं, कॅम्पातली जागा पक्की झाली होती. बाहेर आमच्या लोकांचा जल्लोष ऐकू येत होता. त्या शेवटच्या जागेवर कुणाला तरी उभं राहून नुसतं आपलं नाव ऐकायचं होतं, हे त्या गर्दीत कुणाच्या गावीही नव्हतं.

साहेबांचा माणूस येऊन माझं कार्ड घेऊन गेला. मी तेलाच्या बाटल्या पुसून खोक्यात भरायला लागले. टेबल मिटलं. कोपऱ्यात व्यायामाची पातळ गादी पसरलेली होती, ती तेवढी गुंडाळायची राहिली होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आजोबा होते. खांद्याला बॅग. मी म्हटलं, निरोप घ्यायला आले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "या, या," म्हटलं, "पोटरी बघू का जाता जाता?"

"पोटरी आता राहू दे, डॉक्टरीणबाई. आता तिला काय करायचंय?" ते आत आले, दार लोटून घेतलं, बॅग खाली ठेवली. जरा संकोचल्यासारखे वाटले. "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही. सख्ख्या भावाविरुद्ध कोण उभं राहतं आजकाल?"

"त्यात काय एवढं. खरं तेच सांगितलं."

"हो, अगदी बारकाव्याने सांगितलंत. मी सगळं लक्ष देऊन ऐकत होतो." त्यांनी कोपऱ्यातल्या गादीकडे पाहिलं. "आता मी घरी जाऊन पोरांना शिकवणार आहे. मैदानावर आठ-दहा पोरं येतात, चांगली तयार होतायत. मी रात्रभर विचार केला. आमच्याकडे पळायला शिकवतात, दम कसा राखायचा ते शिकवतात, वळण कसं घ्यायचं ते शिकवतात. हे कुणी शिकवतच नाही. म्हणून आमची माणसं मागे राहतात. माझी इतकी वर्षं गेली ती यामुळेच, हे मला काल कळलं."

"काय शिकवत नाही?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"पडायला." आणि त्यांनी जॅकेट काढलं, घडी घालून बॅगेवर ठेवलं. "तुम्ही म्हणालात ना, हात आत घ्यायचा, खांदा पुढे काढायचा. ऐकताना कळलं, पण करून बघितल्याशिवाय येत नाही. ही गादी आहेच. हे बघा, असंच ना?"

मी काही बोलायच्या आत तो माणूस गादीवर पडला. तळहात टेकून, बदकन, जसा खरा पडणारा पडतो तसा. उठला, मनगट चोळलं, आणि पुन्हा पडला. पाय थरथरत होते, कपाळावर घाम आलेला. आणि चेहऱ्यावर कसली लाज नाही की लपवाछपवी नाही, नवीन धडा शिकणाऱ्या माणसाचा साधा, मन लावलेला चेहरा.

"चुकतंय ना काहीतरी?" खालूनच त्यांनी विचारलं. "हात बाहेर राहतोय. एकदा करून दाखवता?"

"उठा," मी म्हणाले.  "आजोबा, उठा तिथून."

"एकदाच. पोरांचं भलं होईल हो."

"काल खोटं बोलवत नव्हतं तुम्हाला!"

"यात खोटं कुठे आहे?" ते उठून बसले, खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "कोपर तर लागतंच. लागल्यावर पडायचं, एवढंच."

"मी नाही शिकवणार. कुणालाच नाही. जा तुम्ही."

 मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं, राग नव्हता तो. उठले, जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "चुकलं माझं, विचारायला नको होतं. टीमची आतली गोष्ट आहे, ती बाहेरच्याला कशी द्याल? साक्ष देणं वेगळं आणि हे वेगळं. तुमच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती." बॅग खांद्याला लावली आणि माझ्यापुढे अगदी मनापासून मान लववली. "टीमशी असं इमान राखणारी माणसं हवीत, डॉक्टरीणबाई. तुमचा भाऊ नशीबवान आहे."

ते गेले, दार हळूच ओढून घेतलं. मी बर्फाच्या बादलीवर वाकले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले.